ढगाळ दुपारची सावली

नायजर नदीच्या मुखाशी असलेल्या आमच्या गावात तेलविहिरीतून निघणारा गॅस कंपनीवाले उंच नळीच्या तोंडाशी रात्रंदिवस जाळत. त्या धुरानं पावसाचं पाणी काळं झालं, छपरांच्या पत्र्यांची चाळण झाली. "गॅस आपला, जाळतात ते, आणि आपण लाकडं फुंकतोय!" असं म्हणत अक्पेव्वे मावशी कंपनीच्या फाटकाशी वर्षानुवर्षं ठाण मांडून बसली. तिच्याइतकी धीट बाई मी पाहिली नाही.

एका ढगाळ दुपारी ज्योत विझली.

तिच्या आचेवर कसाव्याचे कंद वाळवणाऱ्या बायका मावशीवर चिडल्या. "आता आमचा कसावा तुझ्या जिभेवर वाळवू का?" त्यांच्यातल्या एजिरोनं विचारलं.

"वाळव की! चांगली तापलेली आहे," मावशी हसली आणि थेट नळीकडे निघाली.

ऊन नव्हतं. आमची कुणाचीच सावली पडली नव्हती. तिची मात्र पडली होती, लांबलचक, जाळासमोर पडते तशी थरथरणारी.

"मावशी, मागे फिर!" मी ओरडले.

तिनं सावलीकडे पाहिलं. क्षणभर थांबली. तरीही पुढे होऊन तिनं नळीवर तळहात टेकला.

"थंड आहे गं!"

तिचा हात तिथंच होता. सावलीनं मात्र आपला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.