पंपवाल्याची झोप

"बाबा, झोपायला तंबू, खाट की गाडी?" मुलीने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"गाडी," म्हातारा म्हणाला. "आमची जागा तीच. आधीच ठरवून दिलेली."

तळ्याकाठी ऊन कलत होतं. तंबू उभा राहिला होता. घडीची खाट अजून पिशवीतच होती. आई गेल्यानंतर दोघं पहिल्यांदाच इथे येत होते आणि यायची हौस कोणालाच नव्हती. घर खायला उठतं म्हणून मुलीने त्याला ओढून आणलं होतं. इथे घर नव्हतं, तर तळंच खायला उठलं.

म्हाताऱ्याने सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढलं होतं. मोठाले पंप धडधडत असायचे आणि हा शेजारच्या बाकावर खुशाल ताणून द्यायचा. साहेबाने एकदा झोपेत पकडलं, तर डोळे चोळत म्हणाला होता, "साहेब, पंपवाल्याला आवाजाने झोप लागते. आवाज थांबला की जाग येते." हा किस्सा त्याने इतक्यांदा सांगितला होता की शेवटचं वाक्य बायकोच म्हणून टाकायची.

पण तोच पंप त्याच्या नाकात बसून घोरायला लागला, तेव्हा मात्र तिला खपला नाही. तळ्यावर आलं की तंबूत तो पथारी पसरायच्या आत ती म्हणायची, "अहो, तुम्ही गाडीत जा. सीट मागे करा आणि झोपा." बरं, खाटेवर पडतो म्हणावं, तर खाट हिलाच लागायची. कशाला लागायची देव जाणे! सकाळी पाहावं तर खाट गाडीला खेटून, आणि तिच्यावर चुरगळलेलं पांघरूण. निघताना गाडीत टाकायला सोपं म्हणून आणून ठेवत असेल, असं धरून त्याने कधी विचारलंही नाही. वर ही बाई रात्रीतून दोन-तीनदा येऊन काच वाजवायची. "कुशीवर वळा हो." नवऱ्याला घालवलं गाडीत, आणि तिथेही सुखाने झोपू द्यायचं नाही! तो चिडायचा, सकाळी चहा घेताना हसायचा. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच.

आता हसू येत नव्हतं. दवाखान्यातल्या शेवटच्या रात्री तिच्या पलंगाशेजारी बसल्या बसल्या त्याची मान कलली होती. घोरलाही असणार. डोळे उघडले तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती. "गाडीत जा," म्हणाली. धड आवाज फुटत नव्हता, तरी तेवढं म्हणाली. तो रागारागाने खाली गेला, सीट मागे केली आणि मेल्यासारखा झोपला. मध्येच कधीतरी काच वाजल्यासारखी वाटली, तेव्हा सवयीने कुशीवर वळला. उजाडलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. जन्मभर दूर केलं ते केलं, मरतानाही दूरच केलं. आपण तिला इतके नकोसे होतो? जेवताना, अंघोळ करताना, काही न करताना त्याच्या डोक्यात तेवढंच यायचं. आधार होता तो एकच. मुलगी तरी उशाशी होती. तिला तो सारखा विचारायचा, शेवटी काय म्हणाली ती? माझी आठवण काढली का? मुलगी दरवेळी विषय बदलायची. त्याचा अर्थ न कळायला तो काही दूधखुळा नव्हता.

मुलीने खाट पिशवीतून काढली. तंबूत न नेता ती गाडीपाशी आणली आणि काचेला खेटून उघडली.

"तिथे कशाला?" म्हातारा म्हणाला. "रात्रभर माझं घोरणं ऐकायची हौस आली का?"

"आई इथेच झोपायची."

"तंबूत झोपायची ती."

"तंबूत मी झोपायचे, बाबा. तुमचा डोळा लागला की ती खाट घेऊन इथे यायची." मुलगी खाटेचे पाय दाबून बसवत होती. "घोरता घोरता तुमचा श्वास अडकतो. जमिनीवर आडवे झालात की फारच. खाटेवरही तेच. घरी ती उशा रचून द्यायची, इथे सीटवर मान वर राहते, म्हणून गाडी. तुम्ही घोरत असलात की तिला गाढ झोप लागायची. आवाज थांबला की उठून काच वाजवायची."

पंपवाल्याला याहून जास्त फोड करून सांगायची गरज नव्हती.

"मला का नाही बोलली कधी?"

"बोलली असती तर तुम्ही झोपायचंच सोडलं असतं. घरातला नळ ठिबकला तरी रात्र जागून काढता तुम्ही."

त्याने गाडीच्या काचेवरून बोट फिरवलं. मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"त्या रात्री," तो म्हणाला, "दवाखान्याखाली. काच वाजली होती."

मुलीने खाटेचा शेवटचा पाय घट्ट बसवला.

"मी वाजवली."

"तू? तू तर तिच्या उशाशी होतीस."

"नव्हते, बाबा. तिच्याजवळ कोणीच नव्हतं." तिने डोळे पुसले, तरी ते पुन्हा भरून आले. "शेवटी काय म्हणाली, विचारता ना? म्हणाली, 'माझ्याजवळ बसू नकोस. खाली जा. आवाज थांबला तर काच वाजव.'"