सामाईक सामान

बाबांनी दुसरा तंबू बॅगेच्या तळाशी कोंबला, वर दोन स्वेटर पसरले आणि चेन ओढली. चेन अर्ध्यावर अडली. गुडघ्याने बॅग दाबून त्यांनी ती कशीबशी शेवटपर्यंत नेली. गुडघा कुरकुरला.

“सायकलवर निघालाय की बिऱ्हाड हलवताय?” दारातून आई म्हणाली.

“स्वेटर आहेत.”

“या उकाड्यात?” एवढं विचारून ती निघून गेली. उत्तराची वाट बघणं तिने संसाराच्या पहिल्या दहा वर्षांतच सोडून दिलं होतं.

भिंतीवर लेकीने केलेली यादी चिकटवली होती. रकाने तीन. बाबा, मी आणि सामाईक. सामाईक म्हणजे दोघांत मिळून एकच न्यायची वस्तू: तंबू, स्टोव्ह, पंप, पंक्चरचं सामान. ते सगळं लेकीच्या बॅगेत जाणार होतं. बाबांनी घ्यायचे फक्त कपडे, अंथरूण आणि औषधं. बारा किलो, त्याच्यावर काही नाही. चढावर जास्तीचा टॉवेलसुद्धा छळतो, असं तिचं म्हणणं. तिने स्वतःच्या टूथब्रशचा दांडा अर्धा कापून टाकला होता.

बाबांनी मात्र सामाईक रकान्यातली एकेक वस्तू गुपचूप दुसऱ्यांदा जमवली होती. तंबू आणि स्टोव्ह कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडून आणले. तंबू दोन माणसांचा होता आणि चांगलाच जड होता, पण मागून आणलेल्या वस्तूला नावं कशी ठेवणार?

हे सगळं सुरू झालं मागच्या महिन्यातल्या त्या घाटापासून. सरावाला म्हणून दोघं गेली होती. लेक वर पोहोचली, आणि बाबा चाळीस मिनिटांनी, सायकल हातात धरून. तिने नुसते शेंगदाणे पुढे केले. बोलली असती तर बरं झालं असतं.

समुद्र अकराशे किलोमीटरवर होता. तीन वर्षं मागून मागून लेकीला अठरा दिवसांची रजा मिळाली होती. बाबांच्या चालीने गेलं तर अठरा दिवसांत काही समुद्र दिसत नाही, हे लेथवर जन्म काढलेल्या माणसाला कागद-पेन्सिलीशिवाय कळत होतं. ती त्यांना वाटेत सोडून पुढे जाणार नाही, हेही कळत होतं. म्हणून बेत असा होता की चार-पाच दिवस सोबत काढायचे आणि मग एका सकाळी म्हणायचं, तू हो पुढे, माझं सगळं माझ्याजवळ आहे. मग तिला सबब उरली नसती. लेकीच्या गळ्यातलं लोढणं व्हायची त्यांची तयारी नव्हती. त्या सकाळचा विचार ते टाळायचे, पण ठरलं म्हणजे ठरलं.

भीती एकच होती, लेकीच्या हाताची. ती पार्सलच्या काउंटरवर कामाला होती. दिवसभर खोकी उचलून उचलून तिचा हातच वजनकाटा झाला होता. कलिंगड नुसतं उचलून ती वजन सांगायची, आणि फळवाला मुकाट्याने मान हलवायचा.

संध्याकाळी ती कामावरून आली ती थेट बॅगेकडे गेली. एका हाताने बॅग उचलली. जराशी थांबली. बाबा खिडकीबाहेर बघू लागले, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं तरी.

“बारा,” ती म्हणाली. “बरोबर.” आणि हातपाय धुवायला गेली.

बाबांचा जीव भांड्यात पडला. बॅगेत सोळा किलोंच्या वर होतं. पहिल्यांदाच तिचा हात चुकला होता. त्यांना आनंद झाला आणि, खरं सांगायचं तर, थोडं वाईटही वाटलं. दमली असेल पोर, ते मनात म्हणाले.

सकाळी उजाडताच दोन्ही सायकली फाटकाशी उभ्या राहिल्या. लेक आत पाण्याच्या बाटल्या भरत होती. तेवढ्यात तिची बॅग कॅरियरवर चढवावी म्हणून बाबांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी बॅग धरली आणि जोर लावला. बॅग उशीसारखी वर आली. ते पडता पडता वाचले.

त्यांनी चेन उघडली. आत कपडे, अंथरूण, अर्ध्या दांड्याचा ब्रश. बस्स, एवढंच.

“अगं ए!” ते ओरडले. “तंबू विसरलीस! स्टोव्ह नाही, पंप नाही! सामाईक सगळं घरातच राहिलंय!”

ती बाटल्या घेऊन शांतपणे बाहेर आली.

“विसरले नाही. तुमच्याकडे आहे ना सगळं. सोळा किलोंत काय काय आहे, ते रात्रीच बघितलं मी.”

बाबांची चोरी मुद्देमालासह पकडली गेली होती. शेवटी खालमानेने ते म्हणाले, “माझा हा असा गुडघा. तुझी रजा संपेल आणि समुद्र राहील.”

“राहू दे की. तो कुठे पळून चाललाय?”

तिने त्यांची बॅग उघडली. दोन्ही स्वेटर काढून फाटकावर टाकले. स्टोव्ह, पंप, पंक्चरचं सामान काढून आपल्या बॅगेत भरलं. तंबू तेवढा होता तिथेच ठेवला. मग दोन्ही बॅगांचे पट्टे आवळले, फाटक उघडलं आणि सायकल बाजूला घेऊन बाबांना पुढे जायला वाट करून दिली.

“फक्त मला सोडून जाऊ नका, बाबा,” ती म्हणाली. “माझ्याकडे तंबू नाही.”