फळीवरची बाटली

बाटली पडून फुटली आणि रुखमाबाईच्या तोंडून "बापा बापा!" एवढंच निघालं.

तिनं काही केलं नव्हतं हो. नुसती उजेडात धरून पाहिली होती.

चौऱ्याऐंशीचा उन्हाळा होता. लेक विशाखा सुट्टी संपवून नागपूरला जाताना बजावून गेली होती, "आई, हे औषधाचं पाणी आहे. बसल्या जागी त्याचा खडा झाला की त्याच्यावर एक्स-रे सोडायचे, मंग आतले अणू कसे रचले ते समजते. आमच्या प्रयोगशाळेबाजूनं ट्रक जातात, सारं थरथरते. इथी गोंडपिपरीत शांत आहे. यंदा खडा नाई मिळाला तर माझी पीएच.डी. गेली समज. हात लावू नको!"

पण रुखमाबाईला विरजणाचं भांडंसुद्धा दोनदा उघडून पाहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. तिचा हात आवरायचा तो एकाच ठिकाणी, लोणच्याच्या बरण्यांपाशी. फडकं बांधलं की आषाढी पौर्णिमेपर्यंत बरणीला बोट लावायचं नाही, हा तिच्या माहेरचा नियम. यंदा तर फडकी विशाखानंच बांधली होती.

आता काय करावं? पोरीची सारी मेहनत जमिनीवर सांडलेली. रुखमाबाई तशीच दवाखान्यात गेली. कंपाउंडर इब्राहीमभाऊंनी तसलीच रिकामी बाटली दिली.

"भरता काय हिच्यात, बाई?"

"तुमाले काऊन पाह्यजे?" म्हणत ती घरी पळाली. रांजणाजवळची तुरटी गरम पाण्यात विरघळवली, बाटलीत ओतली आणि बाटली फळीवर ठेवून दिली.

तुरटीनं मात्र कमाल केली. काही दिवसांत तळाशी असा लखलखीत खडा धरला की रुखमाबाईची झोपच उडाली. हा खडा एक्स-रेखाली गेला तर साऱ्या नागपुरात पोरीची फजिती!

पौर्णिमेला विशाखा आली. फळीवरची बाटली पाहून जागीच थबकली. मग तिनं ओठ दाबले, पाठ फिरवली. तिचे खांदे हलायला लागले.

आनंदानं रडते बिचारी, रुखमाबाईला वाटलं.

"रडू नको वो पोरी! तुरटी आहे ते. तुही बाटली मी फोडली. मार मले, पण तो खडा नेऊ नको!"

विशाखा मटकन खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तरीच! मी म्हणून राह्यली, विहिरीच्या पाण्याचा खडा झाला कसा?"

"विहिरीचं पाणी?"

"आज पौर्णिमा ना, आई?" असं म्हणत विशाखानं कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान बरणीचं फडकं सोडलं. आत लोणचं नव्हतंच. कापसात नीट बसवलेली एक बाटली होती, आणि तिच्या तळाशी पिवळाधमक खडा.