बेघर असल्याचा दाखला

“रात्री कुठे झोपता?” कारकूनबाईंनी विचारलं. “दादाकडे, सोफ्यावर. लेकीला कुशीत घेऊन,” शिवणकाम करणारी बाई म्हणाली. “मग कागदोपत्री तुम्ही बेघर नाही. बेघर म्हणजे ज्याला राहती जागा सोडावीच लागतेय तो. भावाने तसं लिहून दिलं, तरच सरकारी खोली मिळेल.” शेजारी बसलेला दादा ताडकन उठला. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याच्या दोन खोल्यांत सात माणसं होती. तरी आठ महिन्यांत त्याने ‘कधी जाणार?’ एकदाही विचारलं नव्हतं. “सख्ख्या बहिणीला हाकलतोय असं लिहू? हात झडेल माझा!” बहिणीने पेन त्याच्या मुठीत कोंबलं. “मी सांगते तसं लिही. ‘बहिणीला शनिवारपासून घरात ठेवणार नाही.’” त्याने लिहिलं. कारकूनबाईंनी शिक्का मारला. “ताई, आता तुम्ही बेघर.” ती सुटल्यासारखी हसली. दादा मात्र कागद परत मागत होता.