फाळक्यावरचं नाव

वणीत मी ट्रकवर अक्षरं रंगवतो. काल एक ड्रायव्हर त्याच्या लहान मुलीला घेऊन आला. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर बसलेल्या कोळशाच्या धुळीत बोटानं तिचं नाव लिहिलेलं होतं, समीक्षा. शाळेत ‘क्ष’पाशी अडली की ती रडत पाटी ढकलून द्यायची, म्हणून बाप खाणीवरून आल्यावर तिला उचलून या धुळीतच गिरवायला लावायचा. “आज पयल्यांदा पुरं जमलं तिले,” तो ताठ मानेनं म्हणाला. “याच्यावरच रंग मारा. क्ष वाकडा हाये, राहू द्या तसाच.” मी म्हणालो, “धुळीवर रंग टिकत नाही भाऊ. आधी पुसा लागते.” फडकं घेऊन तो नुसता उभा राहिला. मुलगी रंगाच्या उलट्या डब्यावर चढली. तिनं त्याच्याकडून फडकं ओढून घेतलं, नाव पुसून टाकलं आणि माझ्यापुढे हात केला. “काका, खडू द्या. मले येते आता.”