उलटा झेंडा

येमाचं बाळ पोटात आडवं आलं, तेव्हा सुईण तिच्या नवऱ्याला म्हणाली, "लहाई, हे माझ्या हातचं नाही रे बाबा. डॉक्टरच पाहिजे." बेटावरची एकुलती एक होडी वादळात फुटलेली. तेवढ्यात लांबून फ्रीटाऊनला जाणारी आगबोट दिसली.

लहाई दीपगृहाचा रखवालदार. इंग्रजांचा झेंडा उलटा लावला की खलाशी मदतीला येतात, हे त्याला साहेबानेच शिकवलेलं. धावत जाऊन त्याने झेंडा उलटा चढवला. पण वारा पडला होता, कापड काठीला चिकटून नुसतं लोंबत राहिलं. दोन्ही हात हलवत तो ओरडला, "अहो, थांबा! बायको मरतेय माझी!"

 

आगबोटीने भोंगा वाजवला, आपला झेंडा अदबीने झुकवून सलामी दिली आणि ती पुढे निघून गेली.