बेडकाची उडी

‘प्लॉप’ चालणार नव्हतं. इंग्रजी पुस्तकातला बेडूक तळ्यात पडताना प्लॉप वाजायचं. मोनाली त्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर करत होती, आणि जर्मन मुलांसाठी ते वेगळं वाजायला हवं होतं. तिने लेकीला, रियाला, मांडीवर आपल्याकडे तोंड करून बसवलं. प्रत्येक आवाज ती आधी असाच तोंडाने करून बघायची, मगच टाइप करायची.

“प्लुम्प्स.”

रिया खळखळून हसली.

पनवेलची दुपार पडद्यातून हिरवी होऊन आत येत होती. खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती.

“जर्मनीतला बेडूक येगला हाय का?” पलंगावर आडव्या झालेल्या सासूबाईंनी, कमळाबाईंनी विचारलं.

“बेडूक तोच, आई. आवाज वेगळा लिहितात.”

“आनि पानी?”

मोनालीला हसू आलं.

“हसतेस काय. पोर आवाजाला हसते, म्हंजे कान चांगले हायत तिचे. उद्याची तपासनी कशाला? माजा निकेश पन उशिराच बोललेला.”

रियाला तिसरं वर्ष लागलं होतं आणि अजून एक शब्द नव्हता. ‘आई’सुद्धा नाही. मागे कर्नाळ्याच्या रानात एक पक्षी ओरडला, तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं आणि रियाने सगळ्यांच्या तोंडांकडे. ते मोनालीच्या मनातून जात नव्हतं. पण या पुस्तकाच्या दुपारी ते सैल व्हायचं. मधमाशी गुणगुणली, बदक ओरडलं, थेंब गळले, की रिया हसायची, आपलेही ओठ मुडपून बघायची. हिला ऐकू येत नाही असं कोण म्हणेल? हे पान झालं की दवाखान्यात फोन करायचा, उद्या येत नाही म्हणून सांगायचं. मोनालीने ठरवूनच टाकलं.

कमळाबाईंचा डोळा लागला. पानावर एक ढोल उरला होता. त्यांची झोप मोडू नये म्हणून मोनालीने आवाज काढलाच नाही. नुसते ओठ मिटले आणि उघडले. बुम्म.

रिया खळखळून हसली.

मोनालीने पुन्हा नुसते ओठ हलवले. रिया पुन्हा हसली, तेवढीच.

तिने रियाला उचललं आणि पाठमोरं बसवलं. रियाला ओढणीचा गोंडा सापडला. ती तो उलगडू लागली.

“बुम्म,” मोनाली म्हणाली.

मग जोरात म्हणाली. मग ओरडलीच.

कमळाबाई दचकून उठून बसल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग नातीकडे. रिया मान खाली घालून गोंड्याचा एकेक धागा सोडवत होती.

कमळाबाई म्हणाल्या, “उद्या मी पन येते.”